गावातले स्वयंसेवक घडवताना या चुका टाळा

मार्च जवळ आला की संस्थांच्या गाड्या गावोगाव धुरळा उडवायला लागतात. निधी खर्ची टाकायचा असतो आणि अहवालात ‘प्रशिक्षित स्वयंसेवक’ या रकान्यात आकडा भरायचा असतो. मग तालुक्याच्या मंगल कार्यालयात शिबिर लागतं. टोपी, पिशवी, प्रोजेक्टर, जेवणात गोड, शेवटी प्रमाणपत्र आणि गटाचा फोटो. दिवाळीनंतर तीच यादी घेऊन गावात जा. निम्मी पोरं चाकणच्या कंपनीत लागलेली असतात. उरलेल्यांपैकी एखादा आठवून सांगतो, “हां हां, झालं होतं शिबिर. जेवण झकास होतं.”

आरोग्य असो, बचत गट असो, पाणलोट असो, चुका त्याच त्या. मी पाण्याच्या कामातला, त्यामुळे उदाहरणं दुष्काळी पट्ट्यातली जास्त येतील.

सरपंचांना फोन करून ‘चार पोरं पाठवा’ म्हणणं

सगळ्यात मोठी गफलत इथे होते आणि ती पहिल्याच फोनवर होते. सरपंचांची अडचणही समजून घ्या. त्यांना संध्याकाळपर्यंत चार नावं द्यायची असतात. ते काय करणार? एक पुतण्या, एक निवडणुकीत राबलेला कार्यकर्ता, एक बारावी होऊन घरी बसलेला आणि एखादी मुलगी, कारण ‘महिला पण हवी’ असं तुम्हीच सांगितलेलं असतं. पुतण्यामुळे विरोधी पार्टीची वस्ती पहिल्या दिवसापासून कामातून बाद. कार्यकर्ता पुढच्या निवडणुकीपर्यंतच तुमचा. बारावीवाल्याला नोकरी लागली की तो जातो, आणि जावंच त्यानं. मुलीचं लग्न झालं की तिच्याबरोबर तुमचं प्रशिक्षणही दुसऱ्या तालुक्यात नांदायला जातं.

मग गावात राहतं कोण? सुना राहतात. चाळिशीच्या पुढचा शेतकरी राहतो. शाळा शिकलेली नसली तरी अर्ध्या गावाची बाळंतपणं पाहिलेली म्हातारी राहते. नगर जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये गावांच्या आरोग्याचं काम सुरू केलं. तिथल्या गाव आरोग्य सेविका अशाच होत्या. कित्येक निरक्षर, अनेक दलित वस्तीतल्या, बऱ्याचशा पोरंबाळं मोठी झालेल्या. त्यांना गावानं निवडलं होतं. आणि त्यांचं शिक्षण एका शिबिरात आटोपलं नाही. त्या दर आठवड्याला केंद्रावर यायच्या, शिकायच्या, गावात जाऊन ते करून बघायच्या आणि अडलेलं घेऊन पुन्हा यायच्या. ‘अडाणी बाईला काय शिकवणार’ म्हणणाऱ्यांना दाखवायला एवढं एक उदाहरण पुरे.

माझी पद्धत अगदी साधी आहे. संध्याकाळी धारा काढून झाल्या की वस्तीवर जायचं, एका वस्तीवर नाही, सगळ्या वस्त्यांवर. स्वयंसेवक हा शब्दही तोंडातून काढायचा नाही. फक्त विचारायचं, “रात्री-अपरात्री कुणाला दुखलं-खुपलं तर पहिली हाक कुणाला मारता?” आणि, “घरात लग्न निघालं तर खर्चाची वही कुणाकडे देता?” तीन वस्त्यांवर एकच नाव ऐकू आलं, तर तो तुमचा माणूस. बहुतेक वेळा तो पहिल्यांदा नाहीच म्हणतो. जो लगेच हो म्हणतो आणि त्याच दमात मानधन किती ते विचारतो, त्याच्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. पण मानधनाचं खरं-खोटं तुम्हीही पहिल्याच दिवशी सांगून टाका. ‘पुढे बघू’ या दोन शब्दांनी जेवढी माणसं तुटली, तेवढी भांडणांनीही तुटली नसतील.

या पद्धतीला आठवडे लागतात. नव्याने लागलेल्या कार्यकर्त्यांना तेवढा धीर नसतो. त्यांना सोमवारी यादी हवी असते, कारण मंगळवारी पुण्याहून साहेब येणार असतात.

आशाताईंवरच सगळं टाकणं

‘गावात आशा आहेच की, तिलाच सांगू.’ आशा म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती, सरकारी कागदावर मानद स्वयंसेविका. कामाच्या मोबदल्यासाठी तिला मोर्चे काढावे लागतात. वर तुमचं पाणी, तुमचं सर्वेक्षण, तुमचे ॲपमधले फोटो. दुसरं माणूस शोधा.

फरशीवर ए-फ्रेम शिकवणं

याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण याचे परिणाम जमिनीवर दिसतात आणि ते वर्षानुवर्षं पुसत नाहीत.

समतल चर, म्हणजे उतारावरचं पाणी अडवून मुरवणारे आडवे खंदक, खणायचे तर आधी डोंगरउतारावर सारख्या पातळीची रेघ आखावी लागते. त्यासाठी ए-फ्रेम हे सगळ्यात स्वस्त हत्यार. दोन सारख्या लांबीच्या काठ्या वर बांधायच्या, मध्ये आडवी पट्टी, शेंड्यावरून दोरीला दगड बांधून ओळंबा सोडायचा. दोरी पट्टीवरच्या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. दहा मिनिटांत शिकवून होतं, म्हणूनच ते वाईट शिकवलं जातं.

दुष्काळी पट्ट्यातल्या एका गावात एका संस्थेनं असंच केलं. हॉलमध्ये तयार ए-फ्रेम आणली, गुळगुळीत फरशीवर ठेवून दाखवली, सगळ्यांनी हात लावून फोटो काढले. गावात परतल्यावर पोरांनी स्वतःच्या काठ्या बांधल्या आणि मधली खूण टेपनं मोजून बरोबर मध्यावर मारली. इथेच घोटाळा झाला. काठ्या बाभळीच्या, एक जरा वाकडी, एक पाय बोटभर आखूड. अशा चौकटीचा मध्य टेपनं सापडत नाही. खूण पाडायची रीत वेगळी आहे: दोन पाय दोन ठिकाणी टेकवायचे, दोरी येईल तिथं खूण करायची, मग पायांची अदलाबदल करून त्याच दोन ठिकाणी पुन्हा टेकवायचे, दुसरी खूण करायची. दोन खुणांच्या मधोमध जी जागा ती खरी पातळी. हे पोरांना कुणी सांगितलंच नव्हतं, कारण हॉलमधल्या ए-फ्रेमवर खूण आधीपासूनच होती.

पोरांनी मनापासून श्रमदान केलं, म्हणून तर जास्त वाईट वाटतं. पहाटे डोंगरावर जायची, उन्हं चढेपर्यंत खणायची, बाया भाकरी घेऊन यायच्या. रेघ प्रत्येक पावलाला थोडी थोडी खाली घसरत होती आणि डोळ्याला ते दिसत नव्हतं. पुढं वळवाचा एकच जोरकस पाऊस आला. चरात पाणी थांबून मुरायचं, ते चरातून वाहत एका टोकाला गेलं, तिथं साठलं, आणि टोक फुटलं. वरचा फुटला तो खालच्यावर, तो त्याच्या खालच्यावर. सगळं पाणी मुरुमासकट खाली एका विधवा बाईच्या रानात घुसलं. तिनं नांगरट करून शेणखत विस्कटून ठेवलं होतं. खत गेलं, वरची माती गेली, मागं घळ पडली.

संस्थेचं म्हणणं, पाऊस जास्त झाला. पण चर खोदायचे ते जास्तीच्या पावसासाठीच ना! गावानं मात्र संस्थेला काही विचारलं नाही. विचारलं त्या पोरांना, चावडीवर उभं करून. त्यातला एक चांगला, नेटका पोरगा त्यानंतर कुठल्याच कामात उतरला नाही. घळ बुजवता येते, हे बुजवता येत नाही.

म्हणून माझ्या शिबिरात तयार ए-फ्रेम येतच नाही. प्रत्येकानं बांधावरची काठी तोडून स्वतःची बांधायची, खूण स्वतः पाडायची आणि दुसऱ्याच्या चौकटीवर तपासून घ्यायची. रोज सकाळी कामाला लागण्याआधी पाय बदलून खूण पुन्हा बघायची, कारण दोरी सैल होते, गाठ सरकते. पहिले दोन-चार मीटर खणले की चरात घागरभर पाणी ओतायचं. पाणी एका बाजूला पळालं तर पुढं खणायचं नाही. आणि काम माथ्यापासून खाली यायचं, पायथ्यापासून वर नाही. रस्त्याकडेचा पायथा फोटोला सोयीचा पडतो, हे मला ठाऊक आहे.

हाच नियम आकड्यांनाही लावा. पाण्याचा ताळेबंद शिकवताना स्लाइड दाखवू नका, भिंत आणि खडू द्या. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. तेवढं एक पाठ झालं की बाकी गुणाकार गावकरी स्वतः करतात. हजार हेक्टरच्या शिवारात ४०० मिलिमीटर पडला तर ४०० कोटी लिटर. हा आकडा भिंतीवर उमटला की मागून कुणीतरी विचारतोच, “मग जातंय कुठं?” तिथून खरं प्रशिक्षण सुरू होतं. उसाला किती, ज्वारीला किती, बोअरनं किती उपसलं, हे मग त्यांच्यातच भांडून निघतं. भांडू द्या.

हिवरे बाजारची सहल

हिवरे बाजार हे नगर जिल्ह्यातलं, पाण्याच्या कामासाठी नावाजलेलं गाव. अभ्यासदौरा म्हणून बस भरून तिथं नेतात, त्या कामाचं नेतृत्व केलेल्या पोपटराव पवारांचं भाषण ऐकतात, कमानीखाली फोटो काढतात आणि येताना शिर्डी करून येतात. परत आल्यावर काय पाहिलं विचारलं तर ‘स्वच्छता लई होती.’ त्या गावानं पिण्याच्या पाण्यापलीकडे बोअरवेलवर बंदी घातली, कुऱ्हाडबंदी-चराईबंदी पाळली, पाऊस मोजून पिकं ठरवली. यातलं काहीही सहलीत दिसत नाही, ते विचारावं लागतं. मी बसमध्ये चढतानाच प्रत्येकाला एक प्रश्न देतो. चराई बंद केल्यावर शेळीवाल्यानं काय केलं? पहिल्या वर्षी नियम कुणी मोडला आणि मग काय झालं? उत्तर सरपंचांकडून आणायचं नाही, बांधावरच्या माणसाकडून आणायचं. ज्याला उत्तर मिळालं नाही त्यानं तसं आपल्या वस्तीच्या बैठकीत सांगायचं.

काही किरकोळ, पण रोजच्या

शिबिर खुरपणीत किंवा काढणीत ठेवू नका. आलेच तर रिकामटेकडेच येतील.

बायकांना निवासी शिबिराला बोलावता तर तान्ह्या पोराची सोय आधी करा, नाहीतर ‘महिलांचा प्रतिसाद नाही’ असं अहवालात लिहू नका.

जागा देवळाचा सभामंडप असेल तर आधी बघा, सगळ्या वस्त्यांतली माणसं तिथं मोकळेपणी बसतात का. बसत नसतील तर शाळा मागा. याच्यावर चर्चा घालू नका, जागा बदला.

व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे पाठपुरावा नव्हे. सुप्रभात आणि वाढदिवस, याउपर तिथं काही होत नाही.

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की नवं काम काढू नका. आणि स्वयंसेवक स्वतःच उभा राहिला, तर त्याच्याकडची वही-किल्ली त्याच दिवशी दुसऱ्याकडे द्यायची, तो कितीही भला असला तरी.

ग्रामसभेची तयारी न करणं

स्वयंसेवकाला बोलायला शिकवतात, सभा चालते कशी ते शिकवत नाहीत. तो बिचारा उत्साहानं उभा राहतो, ‘डोंगरावर चराई बंद करूया’ म्हणतो आणि ग्रामसेवक शांतपणे सांगतात की विषय पत्रिकेवर नाही. तिथंच हवा जाते. विषय आधी लेखी द्यायचा आणि पोच घ्यायची, हे पहिलं. गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातली जी संख्या कमी असेल ती, हे दुसरं. मुख्य सभेआधी महिलांची सभा घ्यायची असते आणि बायकांचा विषय तिथं आधी मंजूर करून घेतला तर पुढच्या सभेत तो उडवणं जड जातं, हे तिसरं. ठराव वहीत लिहिला जात असताना शेजारी उभं राहायचं, नंतर नाही, हे चौथं. मागून लिहिलेल्या ठरावात ‘सर्वानुमते’ फार सहज येतं.

या ‘सर्वानुमते’वरून मेंढा-लेखा आठवतं. गडचिरोलीतल्या त्या गावात खरोखर सगळ्यांचं एकमत होईपर्यंत निर्णय घेत नाहीत, आणि त्याआधी अभ्यासगटात विषयाचा कीस पाडलेला असतो. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा भिंतीवर रंगवणारी गावं पुष्कळ आहेत. अभ्यासगट चालवणारी दाखवा. तुमच्या स्वयंसेवकानं सभेत भाषण ठोकण्याआधी पाच-सात जणांना घेऊन ओट्यावर तोच विषय महिनाभर चघळला असेल, तर सभेत त्याला बोलावंच लागत नाही. दुसरेच बोलतात.

संस्था जाताना कागद घेऊन जाते

प्रकल्प संपतो, ऑफिस आवरलं जातं, कपाटं टेम्पोत चढतात. त्यात गट नंबर टाकलेला गावनकाशा असतो, विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी असतात, कामांची अंदाजपत्रकं असतात, श्रमदानाची हजेरी असते. पुढच्या वर्षी स्वयंसेवक पंचायत समितीत जातो तेव्हा त्याच्या हातात प्रमाणपत्राशिवाय काही नसतं. सगळ्याची एक प्रत पहिल्या महिन्यापासून ग्रामपंचायतीत आणि एक स्वयंसेवकाच्या घरी ठेवायची. मूळ नोंदवही तर गावाबाहेर न्यायचीच नाही, ऑडिटवाले मागत असतील तर त्यांना झेरॉक्स द्या. आणि विहिरीची पातळी मोजायची टेप तिथंच राहू द्या. तीही परत मागून नेणाऱ्या संस्था मी बघितल्या आहेत.