मेनफ्रेमवर सर्व्हरच्या अ‍ॅड-ऑनचे पॅच चढवताय? या चुका टाळा

आर्वी-पुसदकडच्या घरात बसून बँकेच्या मेनफ्रेमची देखभाल करणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे अ‍ॅड-ऑनचा सर्वात नवा पॅच शोधून तोच चढवणे. झेड/ओएसवरच्या (आयबीएमच्या मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम) जुन्या वेबस्फिअर ७ या अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरचं उदाहरण घ्या. मूळ सर्व्हर एका फिक्स पॅकवर (दुरुस्त्यांच्या संचावर) असतो, त्यावरचा फीचर पॅक, म्हणजे अ‍ॅड-ऑन, स्वतःच्या वेगळ्या पातळीवर. फीचर पॅकच्या नव्या फिक्सला मूळ सर्व्हर किमान अमुक पातळीवर लागतो. तो मागे असेल तर पॅच कधी बसतच नाही. कधी बसतो, आणि सर्व्हर सुरू होताना ‘क्लास सापडला नाही’ म्हणून अडतो. आपल्याला हवा तो नवा पॅच नव्हे, जुळणारा पॅच. आधी मूळ सर्व्हरची पातळी तपासा. सेलमध्ये (एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या सर्व्हरांच्या गटात) डिप्लॉयमेंट मॅनेजर, म्हणजे गटाचा नियंत्रक, आधी वर न्या, गटातले नोड नंतर. नोड पुढे आणि मॅनेजर मागे, हे चालत नाही.

एसएमपी/ई हे झेड/ओएसवर पॅच बसवणारं साधन. ‘एसएमपी/ई अवलंबित्व तपासतंच की’ हा भरवसा अर्धाच खरा आहे. एका झोनमधलं (त्याच्या नोंदींच्या एका विभागातलं) ते तपासतं. मूळ उत्पादन एका झोनमध्ये, अ‍ॅड-ऑन दुसऱ्यात आणि झोनचा गट बांधलेला नसेल, तर पलीकडची गरज अप्लायला (पॅच बसवण्याच्या आज्ञेला) दिसत नाही. त्यासाठी ‘रिपोर्ट क्रॉसझोन’ चालवा.

अप्लाय चेक (प्रत्यक्ष न बसवता केलेली चाचणी) तर करायचाच, पण त्याच्या आधी ताजा होल्डडेटा (कोणते पॅच रोखून धरायचे, ती माहिती) रिसीव्ह करा. मागच्या महिन्यात निर्दोष असलेला पीटीएफ (आयबीएमचा पॅच) आज सदोष ठरलेला असू शकतो. आणि रिटर्न कोड शून्य यावा म्हणून सरसकट बायपास (होल्ड डावलण्याचा पर्याय) लिहू नका. ही सवय मला खरंच धोक्याची वाटते. सिस्टिम होल्ड वाचून, सांगितलेलं काम करून मगच ओलांडायचा असतो. एरर होल्डला (पॅच सदोष असल्याच्या खुणेला) सहसा हातच लावू नये.

आता आपल्याकडची अडचण. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात पहाटेचे २ म्हणजे आपले सकाळचे ११.३०. तिथल्या बँकांची देखभालीची वेळ नेमकी आपल्या भर उन्हात येते. लाइन जाते, राउटर बंद, व्हीपीएन तुटतं. वेबस्फिअर ८पासून फाइली इन्स्टॉलेशन मॅनेजर बसवतो. तो शेलमध्ये समोर चालवला असेल तर सत्राबरोबर अर्ध्यात मरू शकतो. हेच काम जेसीएलमधून (मेनफ्रेमवर जॉब सोडण्याच्या भाषेतून) बॅच जॉब म्हणून सोडा. जॉब मेनफ्रेमवर चालतो, तुमच्या घरातल्या विजेशी त्याला देणंघेणं नाही. लाइन आल्यावर स्पूल उघडून निकाल पाहा.

चालू फाइल सिस्टिमवर पॅच लावू नका. प्रत काढा, तिच्यावर लावा, मग माउंट बदला. इथे अनेकजण एक गोष्ट विसरतात: नव्या पातळीवर सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना पोस्ट-इन्स्टॉलर (पॅचनंतरची जुळवणी करणारा भाग) कॉन्फिगरेशनमध्येही बदल करतो. मागे यायचं ठरलं तर नुसती उत्पादनाची जुनी प्रत पुरत नाही. कॉन्फिगरेशनचा बॅकअप वेगळा घेतलेला हवा.

अ‍ॅक्सेप्टची घाई तर मुळीच नको; पॅच कायमचा पक्का करण्याची ती पायरी आहे. अ‍ॅक्सेप्ट झालेला पीटीएफ रिस्टोअरने मागे घेता येत नाही. महिनाअखेरचं प्रोसेसिंग नव्या पातळीवर नीट पार पडू द्या, मगच अ‍ॅक्सेप्टचा जॉब सोडा.