सेंटर पंच: कानस, आग आणि पाण्याचं काम

ड्रिल मारण्याआधी आखलेल्या जागी बारीक खड्डा पाडावा लागतो, नाहीतर ड्रिलचं टोक घसरतं आणि भोक भलतीकडेच पडतं. तो खड्डा पाडणारं हत्यार म्हणजे सेंटर पंच. विकत सहज मिळतो, तरी शाळेच्या किंवा घरच्या कार्यशाळेत तो एकदा हाताने करावाच. बोटभर लांबीच्या या वस्तूत करवत, कानस, आखणी, आग आणि पाणी सगळं येतं, आणि पोलादाला पाणी नीट दिलं की नाही, म्हणजे लाल तापवून पाण्यात बुडवून ते नीट कडक केलं की नाही, याचा निकाल पहिल्या ठोक्याला लागतो.

पोलाद कोणतं?

८ मिमी व्यासाचा सिल्व्हर स्टीलचा गोल रॉड घ्या, लांबी १०० मिमी. या पोलादात चांदी अजिबात नसते, नाव नुसतं चकाकीवरून पडलंय. त्यात कार्बन साधारण १ टक्का असतो आणि तो मऊ अवस्थेत मिळतो, म्हणून कानस सहज लागते.

भंगारातला हाताला येईल तो गज उचलू नका. माइल्ड स्टीलमध्ये कार्बन पाव टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. ते कितीही लाल करून बुडवलं तरी पंचाला लागणारा कडकपणा येत नाही, आणि दोन तास कानस घासल्यावर हे कळलं तर मुलांचा हिरमोड होतो. शंका असेल तर तुकडा ग्राइंडरला हलकेच टेकवा. माइल्ड स्टीलच्या ठिणग्या लांब, सरळ जातात, फाटे थोडे फुटतात. जास्त कार्बनच्या पोलादाच्या ठिणग्या आखूड, दाट आणि फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या असतात.

जुन्या कानशीचा पंच होतो, पण आधी ती मऊ करावी लागते. पूर्ण लाल करा आणि कोरड्या राखेत किंवा चुन्याच्या भुकटीत पुरून रात्रभर हळूहळू निवू द्या. नंतर दाते मुळापासून घासून काढा. दात्याची एक जरी खाच राहिली तरी पाणी देताना तडा तिथूनच सुरू होतो. काही हलक्या प्रतीच्या कानशी फक्त वरच्या थरात कडक केलेल्या असतात, आतून साध्याच. त्यांचा पंच टिकत नाही. पहिल्यांदा करणाऱ्याने नवा रॉडच घ्यावा हे बरं.

आकार देणं

हॅक्सॉने १०२ मिमीचा तुकडा कापा आणि दोन्ही तोंडं कानशीने सपाट करत १०० मिमीवर आणा. गुण्या लावून तोंड काटकोनात आहे का ते बघा.

पुढचे ३५ मिमी निमुळते करायचे आहेत: ८ मिमीवरून टोकाशी ४ मिमीवर. लेथ असेल तर कंपाउंड स्लाइड (हत्यार तिरकं सरकवणारा भाग) सव्वातीन अंशांवर लावली की उतार बरोबर येतो. लेथ नसेल तर हाताने करा. मात्र रॉड फिरवत फिरवत गोल घासायला जाऊ नका, टोक हमखास एका बाजूला कलतं. आधी चार बाजू घासून चौकोनी उतार काढा, टोकाशी चौकोन ४ मिमीचा. मग चारही कोपरे सारखे मोडून अष्टकोन करा. शेवटी आठ कडा मोडल्या की गोल आपोआप येतो. याचा फायदा असा की प्रत्येक टप्प्याला सपाट बाजूंची रुंदी डोळ्याने ताडता येते. एक बाजू रुंद दिसली तर तीच बाजू जास्त घासलीय, हे लगेच कळतं. व्हाइसच्या जबड्यांना ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे तुकडे लावा, नाहीतर रॉडवर दात्यांचे ठसे उठतील. कानशीला लाकडी मूठ हवीच. उघडी शेपूट तळहातात घुसते.

मागच्या टोकाला, जिथे हातोडा बसतो, ४५ अंशांत दीड मिमीची कड मोडा. कड तशीच ठेवली तर ठोक्यांनी डोकं फुलतं आणि त्याच्या कडांचे तुकडे उडतात. धरायच्या जागी, मधल्या ३० ते ४० मिमीत, लेथवर नर्लिंग (पकडीसाठी खरबरीत नक्षी) करा किंवा तिकोनी कानशीने उथळ खाचा पाडा. उथळच. पुढच्या निमुळत्या भागाला मात्र खाच अजिबात नको.

आता टोक. पंचाच्या टोकाचा कोन ९० अंश ठेवतात. आखणीच्या रेषेवर नाजूक खुणा करायच्या पंचाचा कोन ६० अंश असतो. त्याचा खड्डा अरुंद पडतो आणि ड्रिलचं टोक त्यात नीट बसत नाही. कोन आत्ता फक्त ढोबळ काढा आणि अगदी पुढे अर्धा मिमी सपाट ठेवा. अणकुचीदार टोक आगीत बाकीच्या अंगाच्या कितीतरी आधी तापतं, त्यातला कार्बन जळतो आणि पाण्यात ते फुटू शकतं. खरी धार शेवटी लावायची.

एमरी पेपर लांबीच्या दिशेने फिरवून आडवे ओरखडे घालवा. आडवा खोल ओरखडा म्हणजे तड्याला मिळालेली वाट.

पाणी देणं

सगळं यश या पाच मिनिटांत आहे. जागा सावलीची निवडा. उन्हात लाल रंग फिकट भासतो आणि पोलाद गरजेपेक्षा जास्त तापवलं जातं. अग्निविटांचा तीन बाजूंनी आडोसा करा म्हणजे उष्णता कोंडून राहते. काँक्रीटच्या फरशीवर ज्योत धरू नका. आतल्या ओलाव्याची वाफ होऊन त्याचे टवके उडतात. शेजारी लोखंडी बादलीत चार-पाच लिटर साधं पाणी ठेवा, बर्फाचं नको.

चिमट्यात पंच धरून गॅस टॉर्चने फक्त पुढचे ३० मिमी तापवा. ज्योत टोकावर न ठेवता त्याच्या थोडी मागे ठेवा आणि पंच फिरवत राहा. उष्णता टोकाकडे आपण होऊन सरकते. आधी मंद तांबडा, मग पिकलेल्या चेरीसारखा लाल रंग येईल. हवं ते तापमान सुमारे ७८० अंश सेल्सिअस. रंगाची सवय नसेल तर चुंबकाची मदत घ्या. साधारण ७७० अंशांना लोखंड चुंबकाला चिकटेनासं होतं. लोंबता चुंबक टोकाजवळ नेऊन बघा. ओढला गेला नाही की अजून किंचित तापवा आणि त्या रंगावर अर्धा मिनिट धरा. नारिंगीपर्यंत जाऊ देऊ नका. जास्त तापलेल्या पोलादाचे कण मोठे होतात आणि टोक खडीसाखरेसारखं तुटतं. तुटलेली जागा भरड, चमचमती दिसली तर कारण हेच समजा.

आता क्षणाचाही विलंब न लावता पंच सरळ उभा पाण्यात घाला. तिरका गेला तर एक बाजू आधी आकसते आणि पंच वाकतो. आत गेल्यावर तो वरखाली हलवत राहा. नाहीतर भोवती वाफेचं आवरण धरतं, निवणं मंदावतं, शिवाय पाण्याच्या पातळीवर कडक आणि मऊ भागांची रेघ पडून तिथे तडा जाऊ शकतो.

आत काय घडतं ते मुलांना सांगण्यासारखं आहे. लाल असताना कार्बन लोखंडात विरघळलेला असतो. हळू निवलं तर तो बाहेर पडून वेगळा होतो. झटकन निवलं तर त्याला वेळच मिळत नाही, तो अणूंच्या रचनेत अडकून पडतो आणि ती ताणून धरतो. या ताणलेल्या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात. ती काचेइतकी कडक आणि काचेसारखीच ठिसूळ. या अवस्थेत पंच फरशीवर पडला तरी टोक उडू शकतं, म्हणून पुढची पायरी दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

तपासणी साधी आहे. जुन्या कानशीचा कोपरा टोकाजवळ घासा. तो न धरता घसरला तर पाणी बसलं. धरला, तर वरचा पापुद्रा दोन-तीनदा घासून पुन्हा बघा, कारण आगीत वरच्या थरातला कार्बन थोडा जळतो. तरीही धरत असेल तर पोलाद पुरेसं तापलं नव्हतं, आगीतून पाण्यात जायला वेळ लागला, किंवा रॉडच चुकीचा आहे.

पाणी उतरवणं

आता ठिसूळपणा कमी करायला पंच पुन्हा थोडा तापवायचा. निमुळता भाग एमरी पेपरने लख्ख करा आणि साबणाने धुऊन कोरडा करा. तेलकट बोट लागलं तरी रंग फसवे दिसतात. मग टोकापासून ४० मिमी मागे मंद ज्योत धरा. चकाकत्या पृष्ठभागावर रंगांचे पट्टे उमटून टोकाकडे सरकू लागतील: २२० ते २३० अंशांना फिकट पिवळा, २४० ला गडद पिवळा, २५५ च्या सुमारास तपकिरी, २७५ ला जांभळा, ३०० च्या जवळ निळा. हे रंग म्हणजे पृष्ठभागावर चढणारा ऑक्साइडचा थर, जसा जाड होतो तसा रंग बदलतो.

पंचाला गडद पिवळा संपून तपकिरी झाक येते तिथे थांबायचं. टोक बारीक असल्याने शेवटचे १० मिमी रंग धावत जातात. पिवळा तिथवर आला की ज्योत बाजूला घ्या, उरलेली उष्णता पुरेशी असते. टोकाला हवा तो रंग आला की लगेच पाण्यात. निळा टोकापर्यंत पोचला तर पंच मऊ झाला. पुन्हा लाल करून सगळं पहिल्यापासून करावं लागेल.

मागचं टोक तापवलंच नव्हतं, म्हणून ते मऊ आहे आणि तसंच असायला हवं. कडक डोक्यावर हातोडा बसला तर दोन्हींपैकी कशाचाही तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो.

धार आणि चाचणी

९० अंशांचा कोन बारीक ग्राइंडरवर किंवा तेलाच्या दगडावर पुरा करा. पंच फिरवत धरा. ओरखडे टोकाच्या दिशेने जायला हवेत, गोल नकोत. ग्राइंडरवर दर दोन सेकंदांनी पाण्यात बुडवा. टोक निळं पडलं की मेहनत वाया.

माइल्ड स्टीलच्या जाड पट्टीवर पंच सरळ धरून २५० ग्रॅमच्या हातोड्याचा एकच ठोका मारा आणि भिंगातून टोक बघा. कणी उडाली असेल तर पंच जास्त कडक आहे, पुन्हा लख्ख करून जांभळ्याच्या जवळ उतरवा. टोक बोथट झालं असेल तर पाणी कमी पडलंय. कानस, बेअरिंग असल्या कडक वस्तूंवर तो कधीच मारून बघू नका.

सगळ्या कामात डोळ्यांवर चष्मा आणि अंगात सुती कपडे हवेत. फिरत्या यंत्राजवळ हातमोजे नकोत, कापड ओढलं जातं. मुलांना एक गोष्ट परत परत सांगावी लागते: लाली गेली म्हणजे पोलाद निवलं असं नाही. ४०० अंशांचं पोलादही काळंच दिसतं.

उरलेल्या रॉडमधून स्क्राइबर, म्हणजे धातूवर रेघ ओढायचं हत्यार, करता येतो. त्याचं टोक लांब आणि बारीक ठेवा, आणि पाणी उतरवणं फिकट पिवळ्यावरच, २२० ते २३० अंशांना थांबवा. त्याला हातोड्याचा मार खायचा नसतो, म्हणून तो पंचापेक्षा कडक ठेवलेला चालतो.