आपल्या माणसांवरून, आपल्या गावावरून बिनशब्दांची धून कशी बांधायची

आपल्या मराठवाड्यात वाजवणारी पोरं लई आहेत. भजनी मंडळात पेटी धरणारे, लग्नाच्या बँडात कीबोर्डवर बसणारे, लातूर नांदेडला क्लास लावून बासरी शिकलेले, हात तयार असतो पण वाजव म्हणलं की एकतर सिनेमाचं गाणं नाहीतर अभंगाची चाल. स्वतःची धून बांध म्हणलं की गडी गप, सुचतच नाही म्हणतात. माझं स्पष्ट मत आहे की सुचत नाही कारण विषयच भला मोठा घेतलेला असतो. "आईवर करू", "दुष्काळावर करू" असं ठरवून बसलं की बोटं आपोआप सवयीच्या करुण सुरांकडं जातात आणि कुणाच्याही आईवर खपेल असं काहीतरी निघतं.

म्हणून पहिलं काम, विषय बारीक करा. आई नको, आईची हाक घ्या. दुष्काळ नको, अर्ध्या रात्री टँकर आल्यावर घागरी एकमेकीला लागून जो आवाज होतो तो घ्या. चेक संगीतकार स्मेताना 1874 साली बहिरा झाला, त्यानंतर 1876 मध्ये त्यानं चार तंतुवाद्यांसाठी स्वतःच्या आयुष्यावर एक रचना केली, तर तिच्या शेवटच्या भागात आनंदात पळणारं संगीत एकदम तुटतं आणि व्हायोलिनवर एकच लई वरचा सूर लांबत राहतो. तो त्याच्या कानात वाजणाऱ्या शिट्टीचा सूर. बहिरेपणाचं दुःख वगैरे काही नाही, ती शिट्टीच. ऐकताना अंगावर काटा येतो तो त्यामुळंच.

आता हाकेचं कसं करायचं ते नीट सांगतो, कारण माझ्या मते सुरुवात इथूनच करावी. दिवेलागणीला माय लेकराला हाक मारती, "ए बाळूऽऽ, घरी ये रंऽऽ". तिला विचारून ती मोबाईलवर रेकॉर्ड करा, पण समोर मोबाईल धरून मुद्दाम मारायला लावू नका, नाटकी होते. मग पेटी घेऊन बसा, हाक जिथं येऊन थांबते तो सूर सा धरा आणि बाकीचे अक्षर-अक्षर शोधा. रेकॉर्डिंग अर्ध्या स्पीडवर लावलं की सापडतात. बहुतेक वेळा नावावर वर उडी असते, नावाचं शेवटचं अक्षर लांबतं आणि "रं" घसरत खाली येतो. ही घसरण पेटीवर निघणार नाही, बासरी, व्हायोलिन नाहीतर कीबोर्डच्या पिच बेंडवर (सूर वरखाली सरकवायच्या चाकावर) निघंल, म्हणून वाद्य कोणतं घ्यायचं हे हाकच ठरवती. आणि एका हाकेवर थांबू नका. पहिली हाक निवांत असते, दुसरी जरा लांब, तिसरीत राग असतो, सूर चढलेला आणि अक्षरं तुटलेली. झाले की धुनेचे तीन भाग आयते!

यानाचेक नावाचा चेक संगीतकार लोकांच्या बोलण्यातले सूर असेच वहीत उतरवून ठेवायचा, कितीतरी वर्षं. 1903 मध्ये त्याची तरुण लेक ओल्गा गेली तेव्हा तिचे शेवटचे बोलसुद्धा त्यानं स्वरात लिहून ठेवले. बाप म्हणून काय झालं असंल त्याचं, आपल्याला कल्पना करवत नाही.

माणूस आता नसंल आणि आवाजही कुठं ठेवलेला नसंल, तर नाव घ्या. 1948 मध्ये गांधीजींची हत्या झाली त्यानंतर रविशंकरांनी गांधी ह्या नावातूनच ग, नि, ध हे सूर उचलले आणि मालकंस रागाच्या अंगानं मोहनकंस हा राग बांधला. आपणही करू शकतो. समजा आजीचं नाव गोदावरी, तर ग, द साठी ध, आणि रे. शुद्ध घेतले तर भूप रागात बसतात, मोकळं पहाटेसारखं वाटतं. ग आणि ध कोमल केले की दरबारी रागाकडं जातं, भारी होतं. आजी कशी होती त्यावरून ठरवा, ती गेली म्हणून कोमलच घ्यायचे असं काही नाही, हसरी असंल तर शुद्धच ठेवा. तीन सुरांवर पाच मिनिटं निघत नाहीत हे खरं, पण मुखडा, म्हणजे परत परत येणारी पहिली ओळ, निघतो, आणि मुखडा पक्का असला की बाकीचं वाढवता येतं.

तालाचंही तसंच. कीबोर्डवरचा तयार ठेका लावला की संपलं, सगळं एकसारखं होतं. बीडकडची जी माणसं ऊसतोडीला जातात त्यांच्या फडात एकदा शांत उभं राहून ऐका. कोयता बुडाशी बसतो तो आवाज जड, मग वाढं, म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, छाटायचा हलका, मग ऊस मागं टाकल्याचा, आणि मग पुढच्या उसाला हात घालेपर्यंत थोडी जागा. हे केहरवा तालाच्या आठ मात्रांत कोंबू नका. रूपक तालाच्या सात, तीन-दोन-दोन अशा, त्यात पुष्कळ जवळ जातं, आणि ती शेवटची जागा मोकळी सोडायची, ढोलकीवाल्याला भरू द्यायची नाही. दिवस कलला की हात जड होतात, म्हणून शेवटाकडं लय वाढवायच्या ऐवजी उतरवा. सगळे वाढवतात, पण इथं उतरणंच खरं आहे. संबळ मिळाला तर लई चांगलं, तुळजापूरकडं वाजवणारे भेटतात, पण त्यांना गोंधळाचंच वाजवा म्हणू नका, फडातलं रेकॉर्डिंग ऐकवा आणि त्यांच्यावर सोडा.

आणि प्रेरणा म्हणजे दुःखच पाहिजे असं डोक्यात घेऊ नका. एल्गार ह्या इंग्रज संगीतकारानं 1899 मध्ये आपल्या जवळच्या माणसांवर आणि शेवटचा स्वतःवर असे चौदा तुकडे रचले, त्यातला अकरावा एका मित्राच्या नावावर आहे पण खरं तर त्या मित्राच्या बुलडॉगवर! कुत्रं नदीत पडतं, पोहत काठाला लागतं आणि भुंकतं, सगळं वाद्यांत. आपल्याकडं पोळ्याला खांदेमळणीच्या वेळी अंग चोरणारा बैल आहे, पाणी आलं की गल्लीभर ओरडत जाणारं लेकरू आहे, येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात पंगत बसल्यावरचा गोंगाट आहे.

जोडताना पहिल्यांदा मुखडा दोनदा तसाच वाजवा म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानात बसतो. मग फिरवा, पण दर वेळी त्या मूळ हाकेवर परत या. तीन-चार मिनिटं बास. भुंकण्याचा, पावसाचा, टँकरचा रेडीमेड आवाज मागं टाकू नका, तो टाकला की ऐकणारा धून सोडून आवाजच ओळखत बसतो.

झाली की ज्या माणसावर आहे त्याला, नाहीतर त्याला ओळखणाऱ्या कुणाला, काहीच न सांगता ऐकवा. "माय हाक मारती तसंच हाय की" असं नाही म्हणलं तरी चालतं. ऐकताना ते मधेच दुसऱ्याच कशाबद्दल बोलायला लागले, जुनं घर, जुना शेजार, तर ठेवा ती धून. नुसतं "छान आहे" म्हणले तर मुखडा परत उघडा. नाव देतानाही 'मातृवंदना' नको, 'तिसरी हाक' द्या, आणि गणपतीत स्टेजवर वाजवायच्या आधी दोन वाक्यांत सांगा कुणावरून बांधली ते.