रॅबिटएमक्यू डॉकरमध्ये चालवताय? या चुका टाळा

फेब्रुवारीत द्राक्षाचा हंगाम भरात असतो. निफाडकडच्या एका पॅकहाउसचं सॉफ्टवेअर मी अंबडला बसून सांभाळतो. क्रेट काट्यावर ठेवला की वजनाचा मेसेज रॅबिटएमक्यूच्या, म्हणजे मेसेज धरून ठेवून पुढे देणाऱ्या ब्रोकरच्या, रांगेत पडतो, आणि लेबल छापणारा प्रोग्रॅम तो उचलतो. हा ब्रोकर डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या एका वेगळ्या बंद डब्यात, चालतो. एका पहाटे लाइट गेली, आली. तिथल्या पोराने 'एकदा सगळंच बंद-चालू करू' म्हणून डॉकर कंपोज डाउन (कंपोज फाइलमधले कंटेनर मोडणारी कमांड) आणि मग अप (ते पुन्हा उभे करणारी) मारलं. आदल्या रात्रीची भरलेली रांग शून्यावर. "दादा, व्हॉल्यूम तर दिलंय ना आपण?"

दिलं होतं. व्हॉल्यूम म्हणजे कंटेनर मोडला तरी डेटा टिकवणारी जागा. दिलं नव्हतं ते होस्टनेम, म्हणजे मशीन म्हणून कंटेनरचं नाव.

रॅबिटएमक्यू आपला डेटा नोडच्या (चालू असलेल्या एका ब्रोकरच्या) नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि नोडचं नाव होस्टनेमवरून ठरतं. ते आपण दिलं नाही, तर डॉकर कंटेनरचा आयडीच होस्टनेम म्हणून लावतो. नुसत्या रीस्टार्टला कंटेनर तोच राहतो, त्यामुळे महिनोन् महिने काही कळत नाही. डाउन केलं की तो मोडतो. नवा कंटेनर नव्या नावाने येतो आणि भरलेली खोली शेजारी असताना स्वतःची रिकामी खोली उघडून बसतो.

म्हणजे माल जागेवरच असतो. व्हॉल्यूममधलं म्नेसिया हे डेटाचं फोल्डर उघडा, जुन्या आयडीचं नाव सापडेल. तोच आयडी कंपोज फाइलमध्ये होस्टनेम म्हणून लिहा आणि कंटेनर उभा करा. रांग उपसून झाली की कायमचं साधं नाव द्या. आमचं सगळं परत मिळालं, पण रांग ड्युरेबल आणि मेसेज पर्सिस्टंट, दोन्ही होतं म्हणून. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: ड्युरेबल रांग ब्रोकर बंद-चालू झाला तरी टिकते, पर्सिस्टंट मेसेज डिस्कवर लिहिला जातो. नुसत्या ड्युरेबल रांगेत रांग वाचते, आतला माल नाही. आणि डाउनला मायनस व्ही (-v) जोडलंत, तर मग व्हॉल्यूमच जातं. तिथे मीही काही करू शकत नाही.

पासवर्डचंही असंच. कंपोजमधला डिफॉल्ट युजर-पासवर्ड फक्त रिकाम्या डेटावर पहिल्यांदा लागू होतो. नंतर बदलायचा तर रॅबिटएमक्यूसीटीएल ही कमांड वापरा. अधिकृत इमेजमध्ये (कंटेनर बनवायच्या तयार साच्यात) गेस्ट हे मूळचं खातं बाहेरूनही चालतं हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. त्यात डॉकरने उघडलेला पोर्ट यूएफडब्ल्यू या फायरवॉलला वळसा घालून जातो. १५६७२ हा मॅनेजमेंटचा पोर्ट १२७.०.०.१ वरच, म्हणजे त्याच मशीनपुरता, बांधा.

काटा 'हँग' झाला, एरर मात्र कुठेच नाही? आधी मेमरी आणि डिस्क बघा. मर्यादा ओलांडली की ब्रोकर मेसेज पाठवणाऱ्यांना थोपवून धरतो. मेमरीची मर्यादा रॅबिटएमक्यूच्या ३.१३ आवृत्तीपर्यंत रॅमच्या ४० टक्के होती, ४.० पासून ६० टक्के. डिस्कची मूळ मर्यादा जेमतेम ५० एमबी, म्हणजे इशारा येईपर्यंत डिस्क भरलेलीच. ती बहुतेकदा डॉकरचे लॉगच भरतात, कारण ते आपोआप कापले जात नाहीत. लॉग कापणाऱ्या मॅक्स-साइज आणि मॅक्स-फाइल या सेटिंग पहिल्याच दिवशी लिहा.

प्रिंटरचा रोल संपला आणि प्रोग्रॅम पोच न देता मेसेज हातात धरून बसला, तर ३० मिनिटांनी ब्रोकर त्याचं चॅनल (जोडणी) बंद करतो. मेसेज परत रांगेत येतो आणि एकाच क्रेटची दोन लेबलं निघतात. टाइमआउट वाढवत बसू नका. छापण्याआधी क्रेट नंबर तपासा.

कंपोजमधलं नुसतं डिपेंड्स-ऑन (कोण कुणानंतर सुरू व्हावं ते) फक्त कंटेनर सुरू झाला एवढंच बघतं, ब्रोकर तयार आहे का ते नाही. ब्रोकर तयार आहे का ते तपासणारा हेल्थचेक जोडा आणि डिपेंड्स-ऑनला सर्व्हिस-हेल्दीची अट लावा.

इमेजला लेटेस्ट टॅग तर नकोच, त्याने नकळत नवी आवृत्ती येऊ शकते. ४.० मध्ये जुन्या मिरर केलेल्या (अनेक नोडवर नक्कल ठेवलेल्या) रांगा काढून टाकल्या आहेत, शिवाय ३.१३ वरून वर जायच्या आधी फीचर फ्लॅग (नव्या सोयींची बटणं) चालू करून घ्यावे लागतात. हंगामात हे सुचतंय कुणाला? मी आवृत्ती नंबरासकट लिहितो आणि खरड छाटणी उरकेपर्यंत तिला हात लावत नाही.