कार्ट्रिज प्लीट्स शिकायच्यात? मग आधी हिशोब करा

रेनेसान्स कॉस्च्युम म्हटलं की नवीन लोकांच्या डोक्यात मखमल, मोती, सोनेरी लेस असलंच काहीतरी येतं. मी इंग्लंडमध्ये हे शिकले आणि आता नाटकांच्या कपड्यांचं काम करते, तर माझं स्पष्ट मत आहे की १६व्या शतकातल्या कपड्यांचा आकार चुण्यांमधून येतो, आणि चुण्यांमध्ये शिलाईपेक्षा गणित जास्त असतं. सुईत दोरा ओवता येतो ना, बास, बाकीचं हळूहळू जमतं.

सुरुवात कार्ट्रिज प्लीट्सपासून करा. स्कर्टचा घेर, बाहीचा वरचा भाग, रफ (गळ्याभोवतीची कडक, चुणीदार गोल कॉलर), सगळीकडे हेच. नाइफ प्लीट किंवा बॉक्स प्लीट आडव्या दुमडून पट्टीत शिवतात, त्या चपट्या बसतात. कार्ट्रिजमध्ये कापड पेटीच्या भात्यासारखं उभं गोळा होतं आणि प्रत्येक चुणी फक्त कडेला पट्टीला जोडलेली असते, त्यामुळे स्कर्ट कमरेपासूनच बाहेर फेकला जातो. मशीनवर लांब टीप मारून दोरा ओढला की झालं असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, त्याने नुसत्या वेड्यावाकड्या सुरकुत्या येतात.

पद्धत अशी. वरची कड २-३ सेंटीमीटर आत दुमडायची, मग हाताने धावदोऱ्याच्या दोन किंवा तीन समांतर ओळी घालायच्या, आणि पहिल्या ओळीत सुई जिथे खाली गेली बरोबर त्याच्याच खाली दुसऱ्या ओळीतही गेली पाहिजे, इथे हयगय केली की चुण्या तिरक्या पडतात. खुणा करायचा कंटाळा येत असेल तर बारीक चेक्सच्या सुती कापडाची पट्टी आतून कच्ची टाचून घ्या आणि चौकडी बघत टाके घाला, वर्कशॉपमध्ये सर्रास करतात. दोरा जाड, मजबूत, मेण लावलेला आणि पूर्ण कापडाला पुरेल इतका लांब घ्या, मध्ये गाठ आली की ओढताना तिथेच अडकतो. सगळे दोरे एकदम ओढायचे, एकेक नाही.

आता हिशोब. टाका १ सेंटीमीटरचा असेल तर एका चुणीत २ सेंटीमीटर कापड जातं. मध्यम जाडीच्या लोकरी कापडाची घट्ट दाबलेली चुणी समजा ५ मिलिमीटर जागा घेते, तर ७५ सेंटीमीटर कमरेला १५० चुण्या बसणार, म्हणजे ३ मीटर घेर. तेच पातळ रेशीम असेल तर चुणी बारीक होते, कापड भरपूर लागतं आणि तरी ती मरगळलेली दिसते. अशा वेळी दुमडीच्या आत फ्लॅनेलची किंवा जुन्या ब्लँकेटची पट्टी घालतात. तरी पण आधी ३० सेंटीमीटरचा तुकडा घ्या, चुणा, घट्ट ओढा, मोजा. ७.५ सेंटीमीटर झाला तर चौपट कापड लागणार. प्रत्येक नवीन कापडाला हे करायचं, कितीही अनुभव असला तरी.

पट्टीला जोडताना पट्टी आधी पूर्ण तयार करून घ्या आणि तिची कड चुण्यांच्या कडेला लावून प्रत्येक चुणीच्या टोकाला एक-दोन टाके घाला. अंगुस्तान घाला, हौस म्हणून नाही, बोट सोलवटतं म्हणून.

बघायचं काय? ड्यूरर आणि होल्बाइन हे त्या काळचे जर्मन चित्रकार, ड्यूररने न्यूरेंबर्गच्या आणि होल्बाइनने बासेलच्या बायकांची काढलेली चित्रं बघा, चुणी कुठे सुरू होते आणि कुठे सुटते ते नीट दिसतं. जुन्या कपड्यांच्या अभ्यासक जॅनेट आर्नल्ड यांनी १५६० ते १६२० मधल्या शिल्लक राहिलेल्या कपड्यांचे पॅटर्न १९८५ मध्ये छापले, ते या धंद्यात सगळ्यांच्या टेबलावर असतात. पिंटरेस्टवरचे फोटो बघून शिवू नका, तिथे निम्मे ड्रेस सिनेमातले असतात. लहानपणी फ्रॉकवर स्मॉकिंग केलेलं आठवत असेल तर तेही याच कुळातलं, जर्मन शर्टांच्या गळ्यावर बारीक चुण्या धरून वरून भरतकाम करायचे.

कामासाठी फिरताना पोर्टफोलिओमध्ये नुसते पूर्ण ड्रेसचे फोटो नेऊ नका. नमुन्यांचे तुकडे न्या, प्रत्येकाला चिठ्ठी लावून: कापड कुठलं, टाका केवढा, किती कापडाचं किती झालं. वॉर्डरोबवाले, म्हणजे नाटकाचा कपडेपट सांभाळणारे, तुकडा उलटा करून आतली बाजू बघतात, मी तरी तेच बघते. आणि सुरुवातीला चुण्या कमी, हुक लावणं आणि उसवलेलं शिवणंच जास्त येईल. नाटकाच्या कपड्यात लपणाऱ्या लांब शिलाया मशीनवर मारतात, त्यात काही पाप नाही, हाताची मेहनत चुण्यांसाठी राखून ठेवा.

रफ मात्र लगेच घेऊ नका. कित्येक मीटर तलम लिनन, त्याला हातशिलाईची बारीक कड, मग चुण्या, मग स्टार्च, मग गरम सळईवर एकेक घडी वळवायची, आणि प्रत्येक धुण्यानंतर शेवटचे दोन प्रकार पुन्हा. १५६४ मध्ये डिंगेन फान डेर प्लासे नावाची बाई फ्लँडर्समधून लंडनला आली आणि स्टार्च करायला शिकवायचे चार-पाच पौंड घ्यायची, स्टार्च शिजवायला शिकायचं असेल तर वर वीस शिलिंग. कोर्सची फी तेव्हाही कमी नव्हतीच. त्यामुळे कोणी रफचा दर विचारला तर शिवण्याचे पैसे वेगळे आणि दर धुण्यामागे बसवायचे वेगळे सांगा.