पोटॅशच्या भावाचा अंदाज बांधताना या चुका टाळा

रावेर-यावल पट्ट्यात केळी तेजीत आली की कृषी केंद्रावर हमखास ऐकू येतं, 'केळीला भाव दिसला, लगेच पोटॅश चढवलं!' लिंकिंग (एका खतासोबत दुसरं माथी मारणं), साठेबाजी हे प्रकार होतात, नाही असं नाही. पण गोणीचा मूळ भाव इथे ठरतच नाही. पोटॅश खाणीतून निघतं, एमओपीसाठी, म्हणजे या पोटॅश खतासाठी, आपण आयातीवरच अवलंबून आहोत आणि जगातला बराचसा माल कॅनडा, रशिया, बेलारूस या तीन देशांतला. अख्ख्या जळगाव जिल्ह्याची मागणी त्या बाजारात कुठे दिसतही नाही.

2022 आठवा. 1 फेब्रुवारीला लिथुआनियाने बेलारूसच्या पोटॅशची रेल्वे वाहतूक बंद केली, 24 तारखेला रशिया युक्रेनमध्ये घुसला. भारताचा आयात करार टनाला 590 डॉलरवर गेला आणि 50 किलोची गोणी 1700 च्या घरात.

पुढच्याच वर्षी करार 422 डॉलरवर उतरला. तेव्हा 'आता गोणी स्वस्त होणार' म्हणून मृगबागेचा (जून-जुलैत लावलेल्या केळीचा) डोस लांबवणारे फसले. मध्ये सरकारी अनुदान असतं, ते कोणी बघत नाही. गोणीत पालाश (पोटॅशमधलं अन्नद्रव्य) 60 टक्के, म्हणजे 30 किलो. 2022 च्या खरिपात किलोमागे 25.31 रुपये अनुदान होतं, गोणीला साधारण 759. 2023-24 च्या रब्बीत ते 2.38 वर आलं, गोणीला जेमतेम 71. जगात उतरलेला भाव बराचसा अनुदानकपातीतच जिरला. युरियाची किंमत सरकार बांधून देतं, पोटॅशला 2010 पासून तसं नाही. म्हणून डॉलरच्या बातमीसोबत खरीप-रब्बीचे अनुदान दर वाचायचे. रुपया घसरला असेल तर तेही धरा.

'जमिनीत साठा भरपूर, टंचाई कसली?' हाही भ्रम. साठा म्हणजे पुरवठा नव्हे. कॅनडातल्या यान्सन खाणीला ऑगस्ट 2021 मध्ये मंजुरी मिळाली, 2025 सरलं तरी तिचा माल बाजारात नव्हता. भाव चढला म्हणून खाण काही पुढच्या हंगामात सुरू होत नाही.

गोणीला गोणी लावून तुलना नको. 10:26:26 या मिश्रखताच्या गोणीत पालाश 13 किलोच. त्यात स्फुरद-नत्रही असतं, त्याची किंमत वजा करून मगच किलोचा हिशेब मांडा.

महागलं म्हणून निसवणीनंतरचं (घड बाहेर पडल्यानंतरचं) पोटॅश बंद करणं सगळ्यात महागात पडतं, घड भरत नाही आणि व्यापारी वजनावर पैसे देतो. काटकसर करायचीच तर आधी माती तपासा. आपल्या काळ्या जमिनीत पालाश बऱ्याचदा चांगलं निघतं, मग डोस त्या हिशेबाने बसवता येतो. कापणीनंतरची खोडं बांधावर फेकू नका, कुट्टी करून बागेतच जिरवा. त्यात पालाश भरपूर असतं आणि त्याचे पैसे तुम्ही आधीच दिलेले आहेत.