बासमधली घूं आणि डीआय बॉक्सचं बटण

गेल्या महिन्यात आमच्या बँडचं लाइव्ह रेकॉर्डिंग होतं. ड्रम, दोन गिटार, बास, गायक. मिक्सरवर एकूण 12 चॅनल. साउंडचेकला बासचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) वर केला आणि हेडफोनमध्ये घूंऽऽ! तार छेडलेली नसतानाही.

आधी केबल बदलली. मग दुसरा बास लावला. काही फरक नाही. ड्रमर म्हणाला, 'अँपच्या (अँप्लिफायरच्या) प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकू.' हे मात्र अजिबात करू नका. अँपमध्ये बिघाड झाला तर करंट थेट बासच्या तारांमधून वाजवणाऱ्याच्या हातात येतो.

बासचा सिग्नल आधी डीआय बॉक्स नावाच्या छोट्या डबीत जातो आणि तिथून मिक्सर आणि अँप दोन्हीकडे. मग डीआय बॉक्सकडून अँपला जाणारी केबल उपसली, आणि घूं गायब! म्हणजे ग्राउंड लूप. अँपची वीज स्टेजवरच्या बोर्डातून, मिक्सरची हॉलच्या दुसऱ्या टोकाच्या बोर्डातून. दोन्हीकडची अर्थिंग ऑडिओ केबलच्या शील्डमधून (आतल्या तारेभोवतीच्या धातूच्या आवरणातून) पुन्हा जोडली गेली होती, त्या वेढ्यात 50 हर्ट्झची वीज गुणगुणत होती.

केबल परत लावली आणि डीआय बॉक्सवरचं 'ग्राउंड लिफ्ट' बटण दाबलं. त्याने मिक्सरकडे जाणाऱ्या केबलचं शील्ड तेवढं तुटतं, विजेची अर्थिंग शाबूत राहते. एका बटणासाठी पाऊण तास! बॉक्स माझाच, चार वर्षं जुना. ते बटण मी कधी दाबलंच नव्हतं.

गिटारच्या अँपची बारीक सरसर तशीच राहिली. ड्रम सुरू झाल्यावर ती कुणाला ऐकूही आली नाही.